टेकडीखालचा टकल्या

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. कापडाचा नव्हे, चामड्याचाही नव्हे. मी जमिनीचा पट्टा आहे. माझ्या एका बाजूला गवताने भरलेली टेकडी आहे आणि दुसऱ्या बाजूला गावातल्या घरांची शेवटची ओळ. या दोघांच्या मध्ये मी कित्येक वर्षे आडवा पडलेलो आहे. नगरपालिकेच्या कागदोपत्री मला जाळरेषा म्हणतात. नाव ऐकून दचकू नका. मी कोणालाच जाळत नाही. टेकडीवर आग लागली तर ती घरांपर्यंत पोहोचू नये, म्हणून माझ्या अंगावर काही वाढू द्यायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ. गावातली मुले मला टकल्या म्हणतात. खरे सांगू का, मला तेच नाव जास्त आवडते.

आता तुम्ही म्हणाल, रिकाम्या जमिनीला कसले आले आत्मवृत्त! फाटक्या छत्रीने कहाणी सांगितली तर तिच्याकडे निदान दाखवायला एखादी काडी तरी असते. माझ्याकडे दाखवायला काही नाही हे खरे आहे. पण रिकाम्या माणसाकडे वेळ असतो, आणि वेळ असला की स्वप्ने पडतात. मी आयुष्यभर उताणा पडून आकाश पाहत आलो. मला तुमच्यासारखे डोळे नाहीत, पण पावले ओळखता येतात. कोण दमले आहे, कोण चोरून निघाले आहे, कोणाच्या मनात काय चालले आहे, हे मला तळव्यांवरून कळते. आमच्या गावात कोणाचे काय बिनसले आहे हे माझ्याइतके कोणाला ठाऊक नसेल. पण मी पडलो मुका, म्हणून सगळ्यांचे बरे चालले आहे.

माझा जन्म एका आगीनंतर झाला. त्याआधी मी टेकडीचाच भाग होतो, आणि टेकडी संपते कुठे व गाव सुरू होते कुठे हे कोणालाच सांगता येत नव्हते. गवत थेट परसदारापर्यंत यायचे. एका उन्हाळ्यात टेकडीवरून आग उतरली आणि घरांची पहिली ओळ एका दुपारीतच गेली. माणसे वाचली, पण ती घरे उरली नाहीत. मग नगरपालिकेत मोठी सभा भरली. भिंत बांधा म्हणणारे होते, टेकडीच विकून टाका म्हणणारेही होते. शेवटी ठरले ते सर्वांत साधे आणि सर्वांत कंटाळवाणे काम. दरवर्षी उन्हाळा लागण्याआधी टेकडी आणि घरे यांच्यामधले सगळे कापून काढायचे.

मजुरांची टोळी विळे, कुदळी आणि फावडी घेऊन आली. त्यांनी गवत कापले, झुडपे उपटली, मुळे खणली. पहिल्यांदाच माझ्या पाठीवर थेट ऊन पडले. तोवर मी कायम गवताच्या सावलीत झोपलेला. डोळे किलकिले करून जागे व्हावे तसे मला झाले आणि वाटले, अरे, मी कोणीतरी आहे!

माझी तरुणपणची वर्षे फार सुखाची गेली. मुले माझ्यावर सायकल शिकायची आणि पडली तर माझ्या मऊ मातीत पडायची. बायका दोऱ्या बांधून चादरी वाळत घालायच्या. वाऱ्याने त्या चादरी फुगायच्या आणि त्यांच्या सावल्या माझ्या अंगावर पोहत राहायच्या. दुपारच्या वेळी मी त्या सावल्या मोजता मोजता पेंगायचो. माझ्या पोटात गवताच्या बिया झोपलेल्या असत. पाऊस झाला की त्या कूस बदलायच्या, वर यायच्या, हिरव्या व्हायच्या. मी त्यांना होऊ द्यायचो. मग पाऊस सरायचा, त्या वाळायच्या, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर टोळी येऊन माझी हजामत करून जायची. गावातली म्हातारी माणसे संध्याकाळी फिरायला आली की काठीने माझ्याकडे दाखवून म्हणायची, "हा आहे म्हणून आपण आहोत." मी हळूच छाती फुगवायचो. जमिनीची छाती फुगलेली कोणाला दिसत नाही, हे एक बरे असते.

माझ्या एका टोकाला, ओळीतले शेवटचे घर एका शिडीवाल्याचे होते. तो बांबूच्या शिड्या करायचा. रंगारी, कौले दुरुस्त करणारे, फळे उतरवणारे, सगळे त्याच्याकडेच यायचे. त्याची बायको शिवणकाम करायची. तिचे शिवणयंत्र माझ्या बाजूच्या खिडकीपाशी होते. तिचे पाय पायडलवर चालू लागले की तो ठेका जमिनीतून माझ्यापर्यंत यायचा. शिडीवाल्याला एक धाकटा भाऊ होता. आईवडील लवकर गेल्यामुळे तो भावाकडेच वाढला. ही वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तो तिच्या शिवणयंत्राएवढाही नव्हता. त्याची पहिली लांब विजार तिनेच शिवली. तो मोठा झाला, नगरपालिकेच्या टोळीत लागला आणि पुढे मुकादम झाला.

मुकादम म्हणून तो फार कडक होता. गवत घोट्याच्या वर दिसले की त्याचा पारा चढायचा. झाडांच्या खालच्या फांद्या त्याच्या टोपीला लागल्या की गेल्याच म्हणून समजा. कोणाच्या परसात सुका पाला साठला तर तो आधी सांगून बघे, मग नोटीस देई, आणि तरीही काही झाले नाही तर टोळी पाठवून साफ करून घेई व खर्च त्या घराच्या घरपट्टीत लावी. गावाने त्याचे नाव वस्तरा ठेवले होते. टकल्या आणि वस्तरा, आमची जोडी छान जमली होती.

शिडीवाल्याने माझ्या टोकाशी बांबू लावला होता. टोकाशी म्हणजे काय, चांगला माझ्या अंगावरच. धाकट्या भावाच्या आधीच्या मुकादमाने तेव्हा कपाळाला आठ्या घातल्या होत्या. "पट्ट्यात झाड चालणार नाही," तो म्हणाला होता.

"झाड कुठंय साहेब, हे माझं दुकान आहे!" शिडीवाला हसून म्हणाला होता.

आणि ते खरेही होते. दरवर्षी तो बेटाच्या मधले जून बांबू कापून काढायचा, खालचा पाला झाडून न्यायचा. बेट उंच आणि सडपातळ राहायचे. त्यातून आरपार टेकडी दिसायची. आगीला त्यात खायला काहीच नव्हते, म्हणून ते चालून गेले.

मग एका पावसाळ्यात शिडीवाला आजारी पडला आणि उठलाच नाही.

त्यानंतर घर फार शांत झाले. शिवणयंत्र चाले, पण मध्येच थांबे. दुपारी टेकडीवरून वारा आला की बांबू एकमेकांवर घासायचे आणि करकर आवाज व्हायचा. नवी शिडी तयार झाली की शिडीवाला तिच्यावर उभा राहून ती हलवून बघायचा, तेव्हा अगदी असाच आवाज येत असे. तो आवाज आला की वहिनीचे पाय पायडलवर थांबायचे. ती ऐकत बसायची आणि मीही ऐकायचो. वारा पडला की आम्ही दोघेही आपापल्या कामाला लागायचो.

त्या वर्षी उन्हाळ्याआधी टोळी माझी हजामत करत करत बेटापर्यंत आली. मुकादम खिडकीशी गेला. "वहिनी, बेट जरा विरळ करायचं का?"

"राहू दे रे यंदा," आतून आवाज आला. "पुढच्या वर्षी बघू."

"बरं," तो म्हणाला आणि भरभर निघून गेला. दुसऱ्या वर्षीही तसेच झाले, आणि तिसऱ्या वर्षीही. टोळीने बेटाला वळसा घालून गवत कापायचे, असा रिवाजच पडला. नवीन मजुराला कोणी कारण सांगत नसे. इथे वळायचे, एवढेच सांगत.

बोट दिले की मनगट धरायला कितीसा वेळ लागतो? शेजारी एक निवृत्त मास्तर राहत होते. त्यांनी परसाबाहेर, माझ्या अंगावर, लाकडी मांडव घातला आणि त्यावर वेल चढवला. मुकादम विचारायला गेला तर मास्तर म्हणाले, "तुझ्या घरचं बेट चालतं, मग माझ्या वेलानं काय घोडं मारलंय?" मुकादम तसाच परत गेला. मास्तरांपलीकडे सुतार होता. त्याने लाकडाचे तुकडे आणि भुसा माझ्यावर रचायला सुरुवात केली. "जागा नुसती पडूनच आहे की," तो म्हणायचा. मग कोणी कुंपण पुढे सरकवले, कोणी मोडके फर्निचर आणून टाकले. नगरपालिकेतही नवी माणसे आली होती. त्यांनी आग पाहिलेली नव्हती. इतकी वर्षे काही झाले नाही, मग दरवर्षी एवढी माणसे कशाला लावायची, असे त्यांना वाटू लागले. मित्रांनो, माझ्या नोकरीची हीच गंमत आहे. मी काम जितके चोख करावे, तितके लोक ते काम कशासाठी होते हे विसरतात.

पण त्या दिवसांत मी दुःखी होतो असे मुळीच समजू नका. जन्मभर टकला असलेल्याला अचानक केस आले तर त्याला काय वाटेल? मांडवावरच्या वेलाला निळी फुले आली. बेटात पक्ष्यांनी घरटी केली. माझ्या अंगावर पहिल्यांदा दाट, थंड सावली पडली आणि त्या सावलीत मला मोठमोठी स्वप्ने पडू लागली. स्वप्नात मी जंगल व्हायचो. माझ्या आतून झरे वाहायचे, माझ्यावरून हरणे पाणी प्यायला जायची, आणि मला कोणीही टकल्या म्हणायचे नाही. एखाद्या वेळी मात्र त्याच स्वप्नात कुठून तरी धुराचा वास यायचा. मी दचकून जागा व्हायचो. बघतो तर दुपार असायची, बांबू करकरत असायचे, बाकी काही नाही. मी पुन्हा झोपी जायचो.

मग तो कोरडा उन्हाळा आला. आदल्या वर्षी पाऊस खूप झाल्याने टेकडीवर गवत कमरेएवढे माजले होते, आणि या वर्षी पावसाने तोंडच दाखवले नाही. सगळी टेकडी वाळून पिवळी पडली. तिच्यामागून गरम वारा वाहू लागला. नगरपालिकेला एकदम जाग आली. पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा झाला पाहिजे, कोणाचीही सबब चालणार नाही, असा हुकूम सुटला. मुकादमाचे हे नोकरीचे शेवटचे वर्ष होते. तो दारोदार फिरला. जो तो त्याला हात लांब करून शेवटचे घर दाखवी. "आधी स्वतःच्या घरचं बघा मुकादम, मग आम्हाला शिकवा." सुतार तर म्हणाला, "ते बेट पडलं की माझी लाकडं त्याच दिवशी उचलतो. त्याआधी एक ढलपीसुद्धा हलणार नाही."

मुकादम खिडकीपाशी येऊन उभा राहिला. त्याचे पाय जड पडत होते.

"वहिनी, यंदा खरंच काढावं लागेल."

पायडल थांबले. "विरळ करायचं म्हणतोस?"

"नाही. मुळापासून. सगळा पट्टा मोकळा हवाय."

"भाऊजी," ती म्हणाली. मुकादमाच्या टाचा मातीत रुतल्या. ती त्याला नेहमी अरेतुरे करायची. रागावली की मगच भाऊजी आणि तुम्ही. "भाऊजी, ते बेट कोणी लावलंय, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ठाऊक आहे."

"मग तुमच्या माणसांना सांगा, आधी मला कापा. मी बेटात जाऊन बसते."

"असं काय बोलता वहिनी! जरा ऐका तर. आग काही उडी मारून छपरावर जात नाही. ती शिडीनं चढते. गवतावरून झुडपावर, झुडपावरून बांबूवर, बांबूवरून तुमच्या छपरावर. मधली एक पायरी काढून घेतली की ती खालीच बसते. आणि आगीच्या वाटेवरचं पहिलं छप्पर तुमचंच आहे."

"तुमच्या दादांनी जन्मभर शिड्या केल्या. एक माणूस पडला नाही त्यांच्यावरून. आज त्यांच्याच बांबूला तुम्ही आगीची शिडी म्हणता?" तिने पायडलवर पाय ठेवला. "जा तुम्ही. मला हा कोट संध्याकाळपर्यंत द्यायचाय."

मुकादम मागे फिरला. मग टोळीकडे जाऊन म्हणाला, "दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करू." मजुरांनी एकमेकांकडे पाहिले. त्यांनी दूरचा भाग कापला, पण घरांच्या ओळीपाशी येताच ते थांबले. मांडव तसाच होता, लाकडे तशीच होती, बेटही तसेच. हुकूम नगरपालिकेच्या फलकावर फडफडत राहिला. वहिनी आणि मुकादम यांचे बोलणे बंद झाले. तो रोज माझ्यावरून जायचा. त्या खिडकीसमोर आला की त्याची पावले हळू व्हायची आणि मग एकदम भराभर पडायची.

असेच काही दिवस गेले. एका दुपारी वहिनी काळ्या कापडाला अस्तर लावत होती. खिडकीतून पांढरे पांढरे काही तरंगत आले आणि कापडावर बसले. तिला वाटले कापूस असेल. तिने फुंकर मारली तर ते उडाले नाही, करड्या रंगाने पसरले. तिने बोटावर घेऊन हुंगले. ती राख होती.

ती बाहेर आली. टेकडीच्या मागे आकाश पिवळट तपकिरी झाले होते. गल्लीत माणसे जमली होती. नगरपालिकेची गाडी भोंग्यावरून सांगत फिरत होती की आग टेकडीपलीकडे आहे, वारा गावाकडे वाहतो आहे, सामान बांधून तयार राहा. आगीचे बंब घंटा वाजवत वरच्या रस्त्याने गेले. मित्रांनो, मला पळता येत नाही. मी पडल्या पडल्या सगळ्यांची पावले ऐकत होतो. ती कुठेही पडत होती. घरात जात होती, बाहेर येत होती, विसरलेले काही आणायला पुन्हा आत जात होती. हे काय स्वप्नच आहे, असे मला क्षणभर वाटले. पण धुराचा वास जात नव्हता.

तेवढ्यात वरून एक जळते पान तरंगत आले. अगदी सावकाश आले, कुठे उतरू असा विचार करत असल्यासारखे. ते बेटाच्या बुडाशी साठलेल्या पाल्यात पडले आणि पाला पेटला. वहिनीने पाण्याची बादली आणून ओतली, पायांनी पाला तुडवला. ठिणगी आत सरकली असेल या भीतीने ती बांबू बाजूला सारत बेटात शिरली. नवरा गेल्यापासून ती बाहेरून त्या बेटाकडे पाहायची, त्याचा आवाज ऐकायची. आत ती आज पहिल्यांदाच गेली.

आत हिरवे काहीच नव्हते. जुने बांबू करडे होऊन एकमेकांना इतके बिलगले होते की नव्या कोंबाला वर यायला फटच उरली नव्हती. गुडघाभर पाला साचला होता. तिने एका बांबूवर हात ठेवला तर तो तडकला. दुसऱ्यावर ठेवला, तोही तडकला. मला तिचे पाय जाणवत होते. ते बराच वेळ हललेच नाहीत.

"मेलंय हे," ती कोणालाच उद्देशून न बोलता म्हणाली. "ते दरवर्षी कापायचे, म्हणून जगत होतं."

मग ती बाहेर येऊन ओरडली, आणि तो आवाज माझ्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. "अरे ए! ये लवकर इकडं! कोयता घेऊन ये!"

मुकादम धावत आला. धापा टाकत बेटासमोर उभा राहिला आणि त्याने कोयता उचलला. पण तो खाली आला नाही. जन्मभर माझी हजामत करणारा वस्तरा तिथे नुसता उभा राहिला.  

"काय झालं?" वहिनीने विचारले.

"होत नाही वहिनी." तो लहान मुलासारखा म्हणाला. "दरवर्षी तुम्ही राहू दे म्हणायचात आणि मी मनात म्हणायचो, सुटलो. तुम्ही हो म्हटलं असतंत तर मी काय केलं असतं, देव जाणे. दादाच्या हातचं एवढंच उरलंय हो."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. एवढी वर्षे ते बेट आपण एकटीने राखले असे तिला वाटत होते.

"अरे वेड्या," ती म्हणाली, "तुझाही दादाच होता की तो." आणि तिने त्याच्या हातातून कोयता घेतला.

पहिला घाव तिचा होता. शिवणकामाच्या हातांना कोयत्याची सवय कुठली! तो घाव तिरका बसला. दुसराही तसाच. तिसऱ्याला बांबू मोडून माझ्या अंगावर पडला. मग मुकादमाने टोळीतल्या कोणाचा तरी कोयता मागून घेतला आणि तो तिच्या शेजारी उभा राहून कापू लागला. दोघेही रडत होते आणि दोघेही कापत होते. माझ्यावर बांबू पडत होते आणि मला आनंद होतोय की दुःख, हे माझे मलाच कळेना.

मास्तर आपल्या दारातून हे पाहत होते.  त्यांनी आपल्या मांडवाच्या खांबाला मिठी घातली आणि जोर लावला. निळ्या फुलांसकट मांडव कोसळला. सुताराने आपली लाकडे उचलायला सुरुवात केली, मग त्याची बायको आली, मग आणखी कोणी कोणी आले. हातगाड्या आल्या, नगरपालिकेचा ट्रक आला. कापलेले सगळे गावाच्या दुसऱ्या बाजूला, नदीकाठच्या मोकळ्या जागेत नेऊन टाकले. मुलांनी पाला गोळा केला. कोणी छपरावर चढून पन्हळी साफ केल्या. मुकादम या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडत पळत होता, "घोट्याच्या खाली! घोट्याच्या खाली!" त्याचा घसा बसला, पण तो थांबला नाही. बंबाने येऊन माझे अंग भिजवले. वर्षानुवर्षे मला इतके हात एकदम लागले नव्हते.

दिवस मावळायला आला तेव्हा आग टेकडीच्या माथ्यावर दिसली. मित्रांनो, आग दुष्ट नसते, भुकेली असते. समोर दिसेल ते खात ती उतारावरून खाली आली. माणसांना मागे हटवले होते. शेवटची काही पावले आम्ही दोघेच समोरासमोर होतो. तिने माझ्या काठावर जीभ लावून पाहिली. माती होती. जरा पुढे सरकून पाहिली. तिथेही मातीच होती. तिने वाऱ्यावर ठिणग्या उधळल्या. त्यातली एक वहिनीच्या छपरावर पडली, पण पन्हळीत पाला नव्हता, आणि बंबावरच्या माणसाने पाण्याच्या एका फवाऱ्यात ती विझवली. आग माझ्या काठाकाठाने इकडून तिकडे गेली, जणू दार शोधत होती. माझी एक बाजू पार तापली. मी काही केले नाही. मी नुसता पडून राहिलो, तेच माझे काम होते. हळूहळू तिचा आवाज कमी होत गेला आणि ती माझ्या काठावरच बसली. मग तिथेच निजली.

सकाळी टेकडी काळी होती आणि घरे सगळी जागच्या जागी होती. मुले येऊन म्हणाली, "टकल्या पुन्हा टकल्या झाला!" मला इतके बरे वाटले म्हणून सांगू!

पुढे पाऊस आला. काळ्या टेकडीवर हिरवे पोपटी गवत उगवले. बेट होते त्या जागी, कुठेतरी खोल राहिलेल्या मुळातून, एक कोंब वर आला. अंगठ्याएवढा जाड, ओला, टोकदार. मला तो जमिनीतून वर सरकताना जाणवला होता. त्या अख्ख्या पावसाळ्यात तो वाढत राहिला आणि येणारेजाणारे त्याच्याकडे पाहून न पाहिल्यासारखे करत राहिले. उन्हाळ्याआधी नवा मुकादम टोळी घेऊन आला. जुना मुकादम आता नोकरीत नव्हता, पण तोही सोबत आला होता. कोंबापाशी येताच सगळे थांबले. नव्या मजुराने विचारले, "इथं वळायचं का?" 

वहिनी घरातून बाहेर आली. तिने त्या कोंबावर हात फिरवला. वाऱ्याने त्याची पाने हलत होती. मग तिने जुन्या मुकादमाकडे पाहिले.

"आता तू काप," ती म्हणाली. "आज जमेल तुला."

तो खाली बसला. त्याने कोयता उचलला, आणि एका घावात कोंब कापला. घाव अगदी सरळ बसला. मग कुदळ मागून घेऊन त्याने मूळही खणून काढले. वहिनी त्याच्या शेजारी माझ्यावर बसली होती. तिने तो कोंब उचलून मांडीवर घेतला आणि दिराच्या पाठीवर थोपटले. टोळी पुढे गेली. कोणालाही वळसा घालावा लागला नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरामागे माझ्यासारखी एखादी मोकळी जागा असेल. तिच्यावर सुका पाला साचू देऊ नका, गवत वाढले तर उन्हाळ्याआधी कापा, आणि नगरपालिकेची माणसे विळे घेऊन आली तर त्यांना पाणी विचारा. एखाद्या झाडावर तुमची फार माया असेल, तर ते लावणारा त्याची निगा कशी राखत होता हेही एकदा आठवून बघा. त्या मोकळ्या जागेची ओळख करून देताना मात्र तिला पडीक जमीन म्हणू नका. कोणी विचारलेच, की या जागेत आहे तरी काय, तर खुशाल सांगा, काही नाही. फक्त जरा अभिमानाने सांगा.